बेल जुलाब थांबवतो की पोट साफ करतो?

नागपुरात कुणाच्याही घरी विचारून पाहा. लेकराला जुलाब लागले तर काय द्यायचं? बेल. आजोबांचं पोट दोन-दोन दिवस साफ होत नसेल तर? बेलच. उन्हाळ्यात ऊन बाधू नये म्हणून बेलाचं सरबत, आणि रक्तातली साखर वाढली की सकाळी अनशापोटी बेलाच्या पानांचा रस. शेवटच्या दोन दाव्यांकडे नंतर वळू. खरी गंमत पहिल्या दोनांत आहे. जे फळ वाहतं पोट अडवतं, तेच अडलेलं पोट मोकळं करतं म्हणे! दुसऱ्या कुठल्या औषधाबद्दल कुणी असं सांगितलं असतं तर आपण त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

यावर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, हे सगळं थोतांड आहे. दुसरं, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. दोन्ही उत्तरांना काही कष्ट पडत नाहीत. कष्ट घ्यायचे तर आधी विचारावं लागतं: फळ कच्चं होतं की पिकलेलं? फळ होतं की पान? आणि ते दिलं कुणाला? माणसाला, उंदराला, की काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींना?

संत्र्याच्या कुळातलं झाड

बेलाचं ताजं पान उजेडाकडे धरून पाहा. पानभर टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. संत्र्याचं पान धरलं तरी तेच. हे ठिपके म्हणजे सुगंधी तेलाच्या ग्रंथी. पान चुरडल्यावर जो वास येतो तो त्यांचाच. संत्रं, लिंबू, कवठ, कढीपत्ता आणि बेल ही सगळी रुटेसी या एकाच कुळातली झाडं. नागपूरच्या अमरावती रोडवर संत्र्या-लिंबांच्या अभ्यासासाठी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था उभी आहे. बेलाची आठवण मात्र शहराला होते ती महाशिवरात्रीला, तेलंगखेडीच्या कल्याणेश्वर मंदिरासमोरच्या रांगेत, आणि तीही पानांपुरती.

या झाडाचं वेळापत्रक लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढचा गुंता त्यातूनच सुटतो. फुलं उन्हाळ्यात येतात आणि फळ पिकायला दहा-अकरा महिने लागतात. म्हणजे मे महिन्यात झाडावर नवी फुलं असतात आणि गेल्या वर्षीची पिवळी पडलेली फळंही. हिवाळ्यात तेच फळ हिरवं, टणक आणि तुरट असतं. त्या अवस्थेत ते फोडून, चकत्या करून वाळवतात. काष्ठौषधीच्या दुकानात बेलगिरी म्हणून मिळते ती हीच. सरबताच्या गाडीवर दिसतं ते पूर्ण पिकलेलं फळ. नाव एक, झाड एक; पण रसायनांच्या दृष्टीनं पाहिलं तर दोन निराळे पदार्थ.

कच्च्यात काय, पिकल्यात काय

कच्च्या बेलात टॅनिन भरपूर असतं. टॅनिन म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्यं. सुपारी किंवा कच्चं केळं चावल्यावर तोंडात कोरड पडते, जीभ आखडल्यासारखी होते, ती यांच्यामुळे. ही द्रव्यं प्रथिनांना चिकटतात. लाळेतल्या प्रथिनांना चिकटली की तोंडातला बुळबुळीतपणा जातो. कातडं कमावताना याच गुणाचा उपयोग करतात. आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावरही प्रथिनंच असतात, आणि जंतू जी विषं सोडतात त्यांतली बहुतेक प्रथिनंच असतात. हा मुद्दा धरून ठेवा.

फळ पिकत जातं तसा तुरटपणा ओसरतो, साखर वाढते, गर मऊ होतो. बियांभोवतीचा चिकट डिंकासारखा पदार्थ आणि गरातलं पेक्टिन पाणी धरून ठेवतात. असा पदार्थ आतड्यातून जाताना पाणी सोबत घेऊन जातो, त्यामुळे मळ मऊ आणि मोठा होतो आणि पुढे सरकतो. इसबगोल याच तत्त्वावर काम करतो. बेलाचा हा चिकटपणा किती पक्का असतो ते जुन्या गवंड्यांना विचारावं. किल्ले आणि वाड्यांच्या चुन्यात बेलफळ आणि गूळ घालत, आणि वारसा इमारतींच्या दुरुस्तीत आजही घालतात. पोटात गेल्यावर हा चिकटा भिंत बांधत नाही, ही आपली सोय!

तेव्हा कोडं अर्धं इथंच सुटतं. जुलाबावर सांगितलेलं फळ कच्चं आणि बद्धकोष्ठावर सांगितलेलं पिकलेलं. जुन्या वैद्यांना हा फरक नीट माहीत होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात फळांबद्दल सर्वसाधारण नियम आहे, की पिकलेलं फळ गुणांनी श्रेष्ठ; आणि त्या नियमाला अपवाद म्हणून बेलाचं नाव घेतलं आहे, याचं कच्चं फळ अधिक गुणाचं. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथात या फळाची आणि आमांशावरच्या त्याच्या वापराची नोंद केली. एकोणिसाव्या शतकात बेल ब्रिटिश फार्माकोपियातही जाऊन बसला. घोळ अलीकडचा आहे. गाडीवरच्या पाटीवर दोन्ही गुण एकाच ग्लासाच्या नावावर लिहिलेले असतात. ग्लासात पिकलेलं फळ असतं, आणि जुलाबाबाबतचा जो काही पुरावा आहे तो कच्च्याचा.

मुंबईच्या प्रयोगशाळेतली गोष्ट

तो पुरावा महाराष्ट्रातच तयार झाला. मुंबईत वरळीला फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था आहे. डॉ. नोशीर अँटिया आणि डॉ. तन्नाझ बिर्डी यांच्या तिथल्या गटानं कच्च्या बेलफळाच्या काढ्याचा अभ्यास केला आणि २००९ साली प्रसिद्ध केला. त्यांनी घरात करतात तसा पाण्यातला काढा घेतला, हे मला विशेष आवडतं. अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्कावरचे निष्कर्ष घरातल्या काढ्याला लागू होतीलच असं नाही.

आता जुलाब होतात कसे ते पाहू. आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी रोज कित्येक लिटर पाणी आत सोडतात आणि परत शोषतात. या पेशींना नळ आहेत असं समजा. गरजेपुरते उघडतात आणि बंद होतात. पटकीचा जंतू आतड्याला चिकटतो आणि एक विष सोडतो. शंभूनाथ डे यांनी कोलकात्यात १९५९ साली दाखवून दिलं की जंतू गाळून काढले तरी उरलेल्या द्रवानंच सशाच्या आतड्यात पाणी भरतं. म्हणजे खरा उपद्व्यापी जंतूनं सोडलेला पदार्थ. पेशीच्या पृष्ठभागावर जीएम-१ नावाचा एक रेणू असतो. त्याला हे विष पाच बाजूंनी पकडतं. मग त्याचा एक तुकडा पेशीत शिरतो आणि नळ उघडा ठेवणारी कळ दाबून तिथंच अडकवतो. पेशीतून क्लोराइड बाहेर धावतं, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. पेशी मरत नाही, फाटत नाही. नळ फक्त बंद होत नाही. ई. कोलाय या जंतूच्या काही जाती जवळजवळ याच घडणीचं विष सोडतात. त्याला एलटी म्हणतात. त्याच जंतूचं एसटी नावाचं दुसरं विष आकारानं अगदी छोटं असतं आणि ते जीएम-१ ला हात न लावता वेगळ्याच ठिकाणी पेशीला धरतं.

बेलाच्या काढ्यानं काय केलं? पहिली अपेक्षा अर्थात ही, की तो जंतू मारत असेल. त्यानं मारले नाहीत. तपासलेल्या सहा जिवाणूंपैकी एकाच्याही जगण्यावर फरक पडला नाही. जिआर्डिया हा एकपेशीय परजीवी आणि रोटाव्हायरस मात्र काढ्यानं निकामी झाले. पण जिवाणूंच्या बाबतीत वेगळीच गोष्ट दिसली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींना जंतू कमी चिकटले, आणि जे पेशीत घुसतात ते कमी घुसले. पटकीच्या विषाची निर्मिती घटली. पटकीचं विष आणि एलटी, दोघांनाही जीएम-१ पकडणं जड गेलं. एसटीवर मात्र काहीच परिणाम झाला नाही.

या शेवटच्या वाक्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. ज्या औषधानं सगळंच बरं होतं त्याच्यावर विश्वास ठेवणं कठीण. इथं काढा जिथं चालतो आणि जिथं चालत नाही, तिथं दोन्हीकडे कारणाची दिशा दिसते. त्यात भरपूर टॅनिन आहे, टॅनिन प्रथिनांना चिकटतं, आणि जीएम-१ वर बसणारं मोठं विष त्याच्या तावडीत सापडतं. कारण फक्त टॅनिनच आहे असं या अभ्यासानं सिद्ध झालं नाही. काढ्यात इतरही बरीच द्रव्यं असतात. पण नळाची कळ दाबणारा हातच मध्ये अडवला, ही कल्पना रसायनाशी जुळते.

माणसांवर काय दिसलं

बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. बशीत काढा थेट पेशीवर पडतो. पोटात तो आम्लातून जातो, अन्नात मिसळतो, पातळ होतो. म्हणून माणसांवरची चाचणी हवी, आणि इथं बेलाची बाजू लंगडी आहे.

उल्लेख करण्यासारखी एक चाचणी वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात झाली आणि १९८९ साली प्रसिद्ध झाली. आजार होता आयबीएस, म्हणजे आतडं दिसायला धड असूनही पोट वारंवार बिघडणं. १६९ रुग्णांचे गट केले. एकाला बेल आणि ब्राह्मी यांचं मिश्रण, एकाला त्या काळची रूढ औषधं, आणि एकाला औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. बेल-ब्राह्मीनं ६४.९ टक्के रुग्णांना बरं वाटलं, रूढ औषधांनी ७८.३ टक्क्यांना, आणि काहीच नसलेल्या गोळीनं ३२.७ टक्क्यांना.

त्या शेवटच्या आकड्याकडे पाहा. काहीही न देता तिघांतल्या एकाला बरं वाटलं. घरगुती औषधाचा अनुभव सांगताना आपण नेमकं हेच विसरतो. बेल दिला, बरं वाटलं, म्हणून बेलानं बरं वाटलं. पण पोटाचे बरेचसे आजार दोन-चार दिवसांत आपोआप उतरतात. तरीही ३२.७ आणि ६४.९ यांत अंतर मोठं आहे, ते उडवून लावता येत नाही. फायदा मुख्यतः ज्यांना जुलाबाचा त्रास जास्त होता त्यांना झाला, आणि कच्च्या बेलाबद्दलच्या अपेक्षेशी हे जुळतं. सहा महिन्यांहून अधिक काळ पाठपुरावा केल्यावर मात्र आजार उलटून येणं थांबवण्यात बेलही प्लासिबोच्या पुढे गेला नाही आणि रूढ औषधंही गेली नाहीत. शिवाय मिश्रणात ब्राह्मी होती, तेव्हा श्रेय किती कुणाचं हे सांगता येत नाही.

याच्या शेजारी मीठ-साखर-पाणी ठेवून पाहा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी पिंपांतून हे पाणी लोकांच्या हाती दिलं आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. हे पाणी बिघडलेल्या नळाला हात लावत नाही. पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत घेणारं एक वेगळं दार असतं, ते पटकीतही चालू राहतं. हे मीठ-साखर-पाणी, म्हणजेच ओआरएस, त्या दारातून पाणी परत शरीरात घेतं. जुलाबात जीव जातो तो पाणी आणि क्षार संपल्यामुळे. म्हणून लहान मुलाला ओआरएस आणि झिंक आधी. बेल द्यायचाच तर त्यांच्या जोडीला. ओआरएस बाजूला ठेवून बेलावर भिस्त ठेवली तर जिवाशी खेळ होतो. शौचात रक्त, ताप किंवा सुस्ती असेल तर दवाखाना, घरगुती काही नाही.

चौकट : दावा आणि पुरावा

• जुलाब: कच्चं फळ. प्रयोगशाळेतला पुरावा चांगला, माणसांवरचा थोडका. ओआरएसची जागा घेत नाही.
• बद्धकोष्ठ: पिकलेलं फळ. कारण पटण्याजोगं, मोठ्या चाचण्या नाहीत.
• ऊन बाधणं: सरबतातलं पाणी उपयोगी. बेलाचा स्वतंत्र गुण सिद्ध नाही.
• मधुमेह: पुरावा मुख्यतः उंदरांवरचा. सरबतात साखर असते.
• पानांचा रस, पानांचे अर्क: रोज घेण्याइतकी खात्री नाही.

ऊन आणि सरबत

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. बाहेरची हवा शरीरापेक्षा दहा अंशांनी गरम असते तेव्हा अंगातली उष्णता बाहेर टाकायला घामाखेरीज मार्ग उरत नाही. एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. विदर्भाची हवा कोरडी, त्यामुळे घाम झटकन वाळतो, आणि म्हणूनच तो किती गेला हे कळत नाही. तो भरून काढायला पाणी आणि थोडं मीठ लागतं. बेलाच्या सरबतात पाणी असतं, फळात पोटॅशियमही बऱ्यापैकी असतं. तेवढ्यापुरतं ते उपयोगाचं. पन्हं, ताक, लिंबूपाणीही तेच करतात. बेल "थंड" म्हणून शरीराचं तापमान उतरवतो, असं दाखवणारी चाचणी नाही. माणूस बरळायला लागला, अंग तापलं, तर तोंडात सरबत ओतू नये. सावलीत न्यावं, अंग पाण्यानं ओलं करून वारा घालावा आणि दवाखाना गाठावा.

साखर, उंदीर आणि पानांचा रस

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम बेलाच्या गरात जवळजवळ ३२ ग्रॅम कर्बोदकं आणि १३७ कॅलरी असतात. क जीवनसत्त्व अवघं ८ मिलिग्रॅम. या बाबतीत संत्र्याचा हा भाऊ संत्र्यापुढे फिका. वर सरबतात साखर किंवा गूळ घालतात. मधुमेही माणसानं ते औषध म्हणून पिणं म्हणजे विनोदच आहे.

तरी दावा आला कुठून? तमिळनाडूतल्या अण्णामलाई विद्यापीठात फळाच्या पाण्यातल्या अर्काचे प्रयोग झाले. उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन टोचलं. हे रसायन स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारतं. मग चार आठवडे दिवसातून दोनदा, शरीराच्या दर किलो वजनामागे १२५ किंवा २५० मिलिग्रॅम अर्क दिला आणि साखर उतरली. प्रयोग खोटा नाही. पण आपल्याकडे बहुतेकांना होणाऱ्या मधुमेहात त्या पेशी अशा एका दमात मरत नाहीत. इन्सुलिन असतं, शरीर त्याला दाद देत नाही. आजारच वेगळा. मात्रेचंही तसंच. उंदराची मात्रा माणसाला लावताना साधारण सहानं भागतात. तरीही साठ किलोच्या माणसाला दर वेळी अडीच ग्रॅम वाळवलेला अर्क लागेल, आणि तो किती फळांतून निघतो हे फळागणिक बदलतं.

पानांबद्दल मी अधिक सावध आहे. महादेवाला वाहिलेलं त्रिदळ प्रसाद म्हणून चघळणं वेगळं आणि मूठभर पानं वाटून महिनोन्‌महिने पिणं वेगळं. बेलाच्या पानांत एजेलिन नावाचं अल्कलॉइड असतं. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका उत्पादनात ते कृत्रिमरीत्या तयार करून घातलं होतं. २०१३ साली हवाई बेटांवर हे उत्पादन घेणाऱ्या कित्येक लोकांच्या यकृताला गंभीर इजा झाली, काहींवर यकृत बदलायची वेळ आली, आणि उत्पादन बाजारातून काढावं लागलं. दोष एजेलिनचाच होता की मिश्रणातल्या आणखी कशाचा, यावर तज्ज्ञांत वाद राहिला. पानांच्या अर्कानं नर उंदरांमधल्या शुक्रजंतूंची संख्या घटल्याचंही अनेक प्रयोगांत दिसलं आहे. उंदरांची साखर उतरली हे ठळक अक्षरांत सांगायचं आणि उंदरांचे शुक्रजंतू घटले हे गाळायचं, असं करता येत नाही. उंदीर मानायचा तर दोन्हीकडे मानावा लागेल. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यानं तर हा रस डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊच नये.

चाचणी अवघड का आहे

कच्च्या बेलाची जुलाबावर चांगली चाचणी करायची तर आराखडा कठीण नाही. सगळ्या मुलांना ओआरएस आणि झिंक द्यायचं, त्यांतल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून बेलाचा काढा, निम्म्यांना नुसताच काढ्यासारखा दिसणारा द्रव. मग जुलाब किती तासांत थांबले ते मोजायचं. अडतं ते चवीपाशी. बेलाचा काढा तुरट लागतो. आई एक घोट चाखून पाहील आणि आपल्या लेकराला कोणता द्रव मिळाला ते ओळखेल. मग तिला बरं वाटलेलं दिसणार. खोटा काढाही तितकाच तुरट करायचा तर त्यात टॅनिन घालावं लागेल, आणि काम करणारं द्रव्य टॅनिनच असेल तर तो काढा खोटा उरतच नाही.

दुसरी अडचण फळाची. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेनं सीआयएसएच-बी १ आणि बी २ हे वाण काढले, फैजाबादच्या नरेंद्र देव कृषी विद्यापीठानं नरेंद्र बेल मालिका काढली. हे वाण निवडले ते गर जास्त, बिया कमी, चव गोड म्हणून. म्हणजे माळ्यानं तुरटपणा घालवायचा आणि वैद्यानं तोच शोधायचा. विदर्भाच्या रानात आणि देवळांच्या आवारात उभी असलेली बियांची, कडक सालीची, तुरट गावठी झाडं चाचणीसाठी कदाचित अधिक कामाची ठरतील. त्यासाठी आधी कुणीतरी ती झाडं मोजून, फळं कोणत्या महिन्यात तोडली तर टॅनिन किती भरतं याचे आकडे काढायला हवेत.